बोट ठेवले तर उत्तर देता यावे: रेझ्युमे आणि नोकरी शोधतानाचे वागणे

सोलापुरात कॉलेजसमोरच्या झेरॉक्स सेंटरमध्ये रेझ्युमे करून मागितला, की तेथील संगणकात आधीच तयार असलेल्या फाइलमध्ये नाव, पत्ता आणि टक्के बदलून थोड्याच वेळात दोन पाने हातात पडतात. त्यांवर "आव्हानात्मक वातावरणात काम करून संस्थेच्या प्रगतीत हातभार लावणे" असे उद्दिष्ट असते, कष्टाळू आणि प्रामाणिक असे गुण असतात, वाचन आणि क्रिकेट असे छंद असतात आणि शेवटी सर्व माहिती सत्य असल्याचे सांगून सही केलेली असते. एकाच जागेसाठी आलेल्या अनेक अर्जांत हाच मजकूर असल्यामुळे वाचणाऱ्याला त्या विशिष्ट उमेदवाराविषयी काहीच कळत नाही. याचे मला विशेष वाईट वाटते, कारण ज्याने ही पाने दिलेली असतात त्याने अनेकदा बारावीपासून काकांच्या कारखान्यातील मजुरीचे हिशेब लिहिलेले असतात किंवा घरच्या मागांवर विणून गेलेल्या मालाची नोंद ठेवलेली असते, आणि नेमके तेच कागदावर कोठे आलेले नसते.

रेझ्युमे कसा लिहावा याविषयी पुष्कळ नियम सांगितले जातात. माझ्या मते त्यांतील बहुतेक एका कसोटीतून निघतात. कागदावरील कोणत्याही ओळीवर बोट ठेवून समोरच्याने "यात तुम्ही नेमके काय केले?" असे विचारले, तर तुम्हाला दोन मिनिटे न अडखळता बोलता आले पाहिजे. ज्या ओळीविषयी बोलता येत नाही ती काढून टाकावी आणि जे काम केले आहे, पण लिहिण्याजोगे वाटले नाही, ते लिहावे.

काम ओळीत कसे उतरवावे

समजा, बी.कॉम. झालेल्या एका मुलाने अशोक चौकाच्या परिसरातील गणवेश शिवणाऱ्या एका युनिटमध्ये दोन वर्षे काम केले आहे आणि तो रेझ्युमेत फक्त "गारमेंट कंपनीत सुपरवायझर" एवढेच लिहितो. यावरून त्याच्या हाताखाली तीन माणसे होती की तीस, तो मशिनवरील कामावर देखरेख करत होता की कार्यालयात बसून कागद सांभाळत होता, हे समजत नाही. त्याने स्वतःला काही साधे प्रश्न विचारावेत: युनिटमध्ये मशिन किती होत्या, सकाळी आल्यावर मी पहिले काम कोणते करत असे, कोणता कागद किंवा कोणती फाइल माझ्यावाचून अडत असे, आणि मी एक दिवस आलो नाही तर मालक कशासाठी फोन करत असत. या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर बहुधा रेझ्युमेतील सर्वांत चांगली ओळ ठरते. मग तोच अनुभव असा लिहिता येतो: "शालेय गणवेश शिवणाऱ्या १८ मशिनच्या युनिटमध्ये रोजच्या उत्पादनाची नोंद, कटिंगपासून पॅकिंगपर्यंत नगांचा हिशेब आणि नगावर मजुरी घेणाऱ्या कारागिरांचा आठवड्याचा तक्ता तयार करणे." यात एकही विशेषण नाही, तरी वाचणाऱ्याला हा मुलगा आकड्यांचे काम जबाबदारीने करू शकतो हे कळते.

संख्या जेथे खरोखर माहीत आहे तेथेच द्यावी. उत्पादन किती टक्क्यांनी वाढवले यासारखे दावे इंटरनेटवरील नमुन्यांत दिसतात म्हणून आपणही लिहावेत असे अनेकांना वाटते. तुम्ही तशी मोजणी केली नसेल, तर पहिल्याच प्रश्नाला तो दावा कोसळतो आणि त्याच्या आसपासच्या खऱ्या ओळींवरचाही विश्वास उडतो. मशिनची संख्या, रोज बनवायच्या बिलांची साधारण संख्या, ज्या संगणक प्रणालीवर काम केले तिचे नाव, या गोष्टी कोणालाही खात्रीने सांगता येतात आणि त्या पुरेशा असतात.

दुसरे उदाहरण टॉवेल बाहेर पाठवणाऱ्या कारखान्यातील डिस्पॅचचे घेऊ. "डिस्पॅचचे काम पाहिले" याऐवजी "गाठींची पॅकिंग यादी करणे, ई-वे बिल काढणे आणि ट्रान्सपोर्टच्या पावत्या महिनाअखेरीस जुळवणे" असे लिहिले, तर मुलाखत घेणारा ई-वे बिल, म्हणजे मालवाहतुकीसाठी ऑनलाइन काढायचे कागदपत्र, केव्हा लागते हे विचारणारच. राज्याबाहेर जाणाऱ्या मालाची किंमत ५०,००० रुपयांहून अधिक असेल तर ते साधारणपणे लागते आणि महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात ही मर्यादा १ लाख रुपयांची आहे, एवढे ज्याने काम केले आहे त्याला माहीत असते. ज्याने केवळ शेजारच्या टेबलावर होताना पाहिले आहे तो येथे गडबडतो. एखादे काम फक्त पाहिले असेल तर "मदत केली" असे लिहावे. नव्याने लागणाऱ्या मुलाकडून सर्व काही येण्याची अपेक्षा कोणी करत नाही, त्यामुळे "मदत केली" या शब्दांनी काही बिघडत नाही.

घरच्या धंद्यात केलेले काम लिहायला सोलापूरची मुले, आणि त्याहून अधिक मुली, संकोचतात. पगार मिळाला नाही म्हणजे तो अनुभव नव्हे, अशी समजूत त्यामागे असते. ती चुकीची आहे. भौगोलिक मानांकन मिळालेली सोलापुरी चादर आणि टॉवेल ज्या धंद्यातून तयार होतात, त्यात सुताची आवक, बीम (ताण्याचे सूत गुंडाळायचा रूळ) भरायला दिल्याची नोंद, विणून गेलेले नग, व्यापाऱ्याकडून येणे असलेली रक्कम, हे सर्व कोणीतरी लिहून ठेवावेच लागते. ते काम जर तुम्ही कॉलेज सांभाळून केले असेल, तर "कौटुंबिक यंत्रमाग व्यवसाय, आठ माग" असा उल्लेख करून त्याखाली आपले काम आणि वर्षे स्पष्ट लिहावीत. किराणा दुकान, द्राक्षाची किंवा डाळिंबाची बाग, खानावळ, यांतील कामालाही हेच लागू आहे.

ज्यांनी अजून कोठेच काम केलेले नाही, त्यांनी कॉलेजमधील जबाबदाऱ्या याच पद्धतीने लिहाव्यात. राष्ट्रीय सेवा योजनेत दोन वर्षांत २४० तासांचे काम आणि सात दिवसांचे विशेष शिबिर अपेक्षित असते. ते पूर्ण केले असेल तर तुमच्याकडे केलेल्या कामाचा लेखी पुरावा आहे. शिबिरात तुमच्याकडे भोजनाचा हिशेब होता की गावातील सर्वेक्षण होते, हे सांगितले म्हणजे त्या तासांना अर्थ येतो. गड्ड्याच्या यात्रेत (सोलापूरची सिद्धेश्वर यात्रा) स्वयंसेवक म्हणून गर्दी सांभाळली असेल, तर कोठे, किती दिवस आणि कोणाच्या देखरेखीखाली, एवढे लिहावे. आयटीआयच्या विद्यार्थ्यांनी ट्रेडचे नाव, प्रमाणपत्राचा प्रकार आणि १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली केलेली ॲप्रेंटिसशिप वेगळ्या ओळीत लिहावी, कारण कारखान्यातील वाचणारा प्रथम तीच शोधतो.

आता एक अवघड बाब. सोलापुरातील अनेक लहान कारखान्यांत आणि दुकानांत नेमणूकपत्र मिळत नाही, पगार रोखीने होतो आणि नोकरी सोडताना अनुभवाचा दाखला मागणे मालकांना विचित्र वाटते. असा अनुभव लिहावा का, हा प्रश्न मला खरा वाटतो. तो अवश्य लिहावा, पण त्याचबरोबर मालकांना जाऊन भेटावे आणि "मालक, माझ्या कामाविषयी कोणी फोन केला तर आपण सांगाल का?" असे विचारून त्यांची परवानगी घ्यावी. बहुतेक मालक फोनवर चार चांगले शब्द बोलायला तयार असतात. लेटरहेडवर दोन ओळी लिहून सही-शिक्का मिळाला तर उत्तमच. मात्र न विचारता कोणाचाही फोन नंबर संदर्भ म्हणून देऊ नये. अचानक फोन आल्यावर गोंधळलेल्या माणसाचे उत्तर तुमच्या विरोधात जाते.

उलट, अनुभव वाढवून लिहिण्याचा मोह असतो, आणि येथे हल्लीची परिस्थिती समजून घेतली पाहिजे. तुमचा भविष्यनिर्वाह निधी कापला गेला असेल तर तुम्हाला १२ अंकी यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी तोच राहणारा निधीचा सदस्य क्रमांक, मिळालेला असतो आणि त्या खात्यावर कोणत्या आस्थापनेत केव्हा रुजू झालात आणि केव्हा बाहेर पडलात याची नोंद राहते. मोठ्या कंपन्या नेमणुकीपूर्वी किंवा नंतर ही नोंद, पदवी आणि मागील पगाराच्या चिठ्ठ्या तपासून घेतात. ऑगस्टमध्ये सोडलेली नोकरी डिसेंबरपर्यंत होती असे लिहिले, तर ते सहज उघडकीस येते, आणि लागलेली नोकरी सहा महिन्यांनीसुद्धा त्यावरून जाऊ शकते. चार महिने रिकामे होते हे सांगण्यात त्यामानाने काहीच धोका नाही.

रिकाम्या काळाविषयी आपल्याकडे विनाकारण भीती आहे. एमपीएससी किंवा पोलीस भरतीच्या तयारीत गेलेली दोन-तीन वर्षे पुष्कळ जण लपवतात. त्यामुळे वाचणाऱ्याच्या मनात नको त्या शंका येतात. "जून २०२२ ते मे २०२४: स्पर्धा परीक्षांचा पूर्णवेळ अभ्यास" अशी एक ओळ पुरते, आणि पूर्वपरीक्षा उत्तीर्ण झाली असेल तर तेही लिहावे. बाळंतपण, घरातील आजारपण किंवा लग्नानंतरचे स्थलांतर यासाठी नोकरी थांबली असेल, तर "कौटुंबिक कारणास्तव खंड" एवढे म्हणावे. त्यापलीकडे तपशील देण्याचे बंधन तुमच्यावर नाही.

कौशल्यांच्या रकान्यातही हीच कसोटी लावावी. "एमएस-सीआयटी उत्तीर्ण" किंवा "टॅली एक्स्पर्ट" यापेक्षा "टॅलीमध्ये खरेदी-विक्रीच्या नोंदी आणि बँक जुळवणी करता येते, एक्सेलमध्ये व्हीलुकअप आणि पिव्होट टेबल वापरले आहे" हे अधिक उपयोगी आहे. शासकीय टंकलेखन परीक्षा दिली असेल तर भाषा आणि दर मिनिटाला ३० की ४० शब्द हे लिहावे.

भाषांविषयी सोलापूरकरांना वेगळे सांगावे लागते. ज्या घरात तेलुगू बोलली जाते तेथील मुलगी, किंवा अक्कलकोटकडचा कन्नड बोलणारा मुलगा, रेझ्युमेत मराठी, हिंदी आणि इंग्रजी लिहून थांबतो, कारण घरची भाषा ही पात्रता आहे असे त्याला कोणी सांगितलेलेच नसते. हैदराबाद, विजयपूर आणि कलबुर्गीच्या बाजारपेठांशी व्यवहार करणाऱ्या व्यापाऱ्याला, तसेच दक्षिणेकडील ग्राहकांचे फोन घेणाऱ्या पुण्यातील कार्यालयाला, ती भाषा बोलणारा माणूस हवा असतो. बोलता येते पण वाचता येत नाही, असे असेल तर तसे लिहावे. उर्दूचेही तसेच.

काय गाळावे आणि मांडणी कशी करावी

खासगी नोकरीच्या रेझ्युमेत जात, धर्म, वैवाहिक स्थिती, वडिलांचा व्यवसाय, उंची आणि वजन यांची गरज नाही. सरकारी अर्जात जे लागते ते त्या अर्जाच्या नमुन्यात विचारलेलेच असते. आधार आणि पॅनचा क्रमांक तर कधीच लिहू नये, कारण हा कागद किती जणांच्या हातांतून जाईल हे तुम्हाला ठाऊक नसते. पूर्ण पत्त्याऐवजी "जुळे सोलापूर, सोलापूर" एवढे पुरेसे आहे. पुणे किंवा हैदराबादला जाण्याची तयारी असेल तर ती मात्र वरच्या भागातच नमूद करावी.

नवोदितांसाठी एक पान, अनुभव असेल तर दोन. सर्वांत अलीकडचे काम आधी यावे. मोठ्या कंपन्यांत आणि नोकरीच्या संकेतस्थळांवर आलेले रेझ्युमे प्रथम संगणक प्रणाली वाचते आणि जाहिरातीतील शब्द त्यात शोधते. दोन उभे रकाने, चौकटी, चिन्हे किंवा फोटो काढून चिकटवलेला मजकूर यांत ती प्रणाली अडखळते, म्हणून साधी सलग मांडणी ठेवावी आणि जाहिरातीत कामाला जे नाव दिले असेल तेच, ते काम तुम्ही केले असल्यास, वापरावे. मराठीत रेझ्युमे द्यायचा असेल, जसे पतसंस्था किंवा मराठी माध्यमाच्या शाळेसाठी, तर तो युनिकोडमध्ये टाइप करून घ्यावा. डीटीपी सेंटरमधील जुन्या फॉन्टमध्ये केलेली वर्डची फाइल दुसऱ्याच्या संगणकावर निरर्थक अक्षरांची रांग होऊन उघडते. फाइल पीडीएफ असावी आणि तिला आपले नाव व पदाचे नाव द्यावे. "न्यू रेझ्युमे फायनल २" नावाची फाइल दुसऱ्यांदा शोधणे कोणालाही कठीण जाते.

अर्ज पाठवल्यापासून पुढे

ई-मेलचा विषय आणि मजकूर कोरा ठेवून नुसती फाइल जोडणे ही पहिली भेट न बोलता उरकण्यासारखी आहे. चार वाक्ये पुरतात: "आपल्या चिंचोळी एमआयडीसी येथील कारखान्यातील स्टोअर असिस्टंट या पदासाठी मी अर्ज करीत आहे. गेली दोन वर्षे मी सुटे भाग आणि कच्च्या मालाच्या आवक-जावकेची नोंद एक्सेलमध्ये ठेवत आहे. माझा रेझ्युमे सोबत जोडला आहे. आपण बोलावल्यास मी कोणत्याही दिवशी सकाळी दहानंतर भेटू शकेन." व्हॉट्सॲपवर पाठवायचे असले तरी आधी नमस्कार, नाव आणि पद लिहावे, मग फाइल. आठवड्याभरात उत्तर आले नाही तर एकदा नम्रपणे विचारणा करावी. रोज "सर, काय झाले?" असे विचारत राहू नये.

मुलाखतीच्या वेळेविषयी बोलायला मुले घाबरतात आणि मग उशिरा पोहोचतात. सोलापूरहून सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने निघालेला उमेदवार अकराच्या मुलाखतीला हिंजवडीत वेळेवर पोहोचू शकत नाही, कारण पुणे स्टेशनवर उतरल्यावर पुढचा प्रवास उरतोच. अशा वेळी "मी सोलापूरहून येत आहे, दुपारी दोननंतरची वेळ मिळू शकेल का?" असे आधीच विचारणे हे पूर्णपणे योग्य वर्तन आहे, आणि ते शक्य नसेल तर आदल्या रात्री पुण्यात पोहोचावे. जाणे रद्द झाले तरी फोन करून कळवावे. न कळवता गैरहजर राहणाऱ्याचे नाव त्या कार्यालयात लक्षात राहते.

मुलाखतीत माहीत नसलेल्या प्रश्नाला "हे मी केलेले नाही, पण याच्या जवळचे अमुक काम केले आहे" असे उत्तर द्यावे. इंग्रजीत सुरुवात करून अडल्यास "मी हे मराठीत सांगू का?" असे विचारावे. सोलापुरी हेल लपवण्याचा प्रयत्न करू नये, त्यात सारे लक्ष जाते आणि मूळ उत्तर राहून जाते. जुन्या मालकांविषयी तक्रार असली तरी ती तेथे मांडू नये. नोकरी का सोडली याला "कामाचा विस्तार हवा होता" किंवा "पगार अनियमित होता" असे एका वाक्यात, खरे असेल ते, सांगून थांबावे.

पगाराच्या बोलण्यात सीटीसी, म्हणजे कंपनीला तुमच्यावर येणारा एकूण खर्च, आणि हातात येणारी रक्कम यांतील फरक समजून घ्यावा. वर्षाला ३ लाख म्हणजे महिन्याला २५,००० रुपये हाती येतील असे धरून पुण्यात खोली घेणारे पुढे अडचणीत येतात. मूळ वेतन १५,००० रुपये असेल, तर भविष्यनिर्वाह निधीतील कंपनीचा १२ टक्क्यांचा वाटा, म्हणजे १,८०० रुपये, सीटीसीतच धरलेला असतो आणि ग्रॅच्युइटीसाठीचे सुमारे ७२० रुपयेही पुष्कळदा त्यातच असतात. उरलेल्या रकमेतून तुमचा १,८०० रुपयांचा वाटा आणि २०० रुपये व्यवसाय कर वजा झाल्यावर साधारण साडेवीस हजार हातात येतात. २५,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या महिलांना महाराष्ट्रात व्यवसाय करातून सूट आहे. "यातील हातात किती येतील?" हा प्रश्न विचारण्यात लोभ दिसत नाही. तो शांतपणे, कामाविषयीचे बोलणे झाल्यावर विचारावा.

नोकरी देण्यासाठी पैसे मागितले, मग ते नोंदणीचे असोत, प्रशिक्षणाचे असोत की गणवेशाच्या अनामतीचे, तर तेथेच बोलणे थांबवावे. मूळ प्रमाणपत्रे कोणाकडेही ठेवायला देऊ नयेत; दाखवावीत आणि परत घ्यावीत. पैसे गेलेच तर विलंब न करता १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी.

होकार दिल्यानंतर दुसरी चांगली संधी आली, असे घडू शकते. तेव्हा पहिल्या ठिकाणी त्याच दिवशी फोन करून आणि लेखी कळवून माफी मागावी, म्हणजे ते दुसऱ्या उमेदवाराला बोलावू शकतील. नोकरी सोडतानाही नेमणूकपत्रात लिहिलेली नोटीस द्यावी, हातातले काम आणि फाइल ताब्यात द्याव्यात आणि कार्यमुक्तीचे पत्र व अनुभवाचा दाखला त्याच आठवड्यात मागून घ्यावा. महिने गेल्यावर तेच कागद मिळवायला फेऱ्या माराव्या लागतात. भविष्यनिर्वाह निधीच्या खात्यावर नोकरी सोडल्याची तारीख नोंदवली गेली का, हेही पाहावे. मालकांनी ती भरली नसेल, तर शेवटची वर्गणी जमा झाल्यापासून दोन महिन्यांनी सदस्याला स्वतः संकेतस्थळावर जाऊन ती भरता येते. पुढच्या रेझ्युमेत लिहायची तारीख आणि ही तारीख एकच असली पाहिजे.